छातीवरची पिसं उपटणारा दहा महिन्यांचा आफ्रिकन ग्रे: काही लावण्याआधी काय काय बघायचं

ताई, तुमचा प्रश्न आणि चारही फोटो नीट बघितले. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात सांगतो. यांचा कोको आफ्रिकन ग्रे आहे, म्हणजे राखाडी रंगाचा आफ्रिकन पोपट, साडेदहा महिन्यांचा. सात आठवड्यांचा असताना, सिरिंजनं भरवत होते तेव्हा ब्रीडरकडून आणला, देतानाच त्यानं पंख कापून दिले. पुण्यात फ्लॅटमध्ये असतो, पिंजरा हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला. नवराबायको दोघं सकाळी नऊला बाहेर ते संध्याकाळी सातला घरी, मधल्या वेळात सासूबाई असतात. खायला सूर्यफुलाच्या बिया, शेंगदाणे, पोळी आणि आजींच्या चहातलं बिस्किट. गेल्या तीन आठवड्यांत छाती आणि पंखांखालची बाजू उघडी पडलीय. कुणी सांगितलं कडुनिंबाचं तेल लावा, कुणी म्हणालं जोडीदार आणा, दुकानवाल्यानं कॅल्शियमचे ड्रॉप्स दिलेत पाण्यात टाकायला. आणि मे महिन्यात तुम्हाला दहा दिवस गावी जायचंय.

आधी एक गोष्ट सांगतो, तेल लावू नका, कुठलंच नाही, नारळाचंही नाही. पक्ष्याच्या पिसांना तेल लागलं की ती एकमेकांना चिकटतात, अंगाची ऊब धरून ठेवायचं काम बंद होतं, आणि तो ते तेल चोचीनं काढत बसतो म्हणजे उलट जास्त उपटतो. हळदही नको, ते माइट्सचे (अंगावरच्या बारीक किड्यांचे) स्प्रे आणि पावडरी पण नकोत, आणि पिंजऱ्याला डांबरगोळ्या किंवा कापूर बांधायचा तर अजिबात नाही, त्याचा वास पक्ष्याच्या फुप्फुसाला झेपत नाही. घरात एकटा वाढलेल्या ग्रेला माइट्समुळे पिसं उपटायची वेळ फार क्वचित येते, तरी दहातल्या नऊ घरांत पहिला खर्च माइट्सच्या स्प्रेवरच होतो हे बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यात सुरुवातीचे मोलाचे आठवडे निघून जातात.

मोलाचे का म्हणतो ते सांगतो. ओढून काढलेलं पीस काही आठवड्यांत परत येतं, पण त्याच जागेवरून परत परत उपटलं तर पिसाचं मूळ कायमचं खराब होतं आणि मग तिथे आयुष्यभर पीस येत नाही. शिवाय पक्ष्याला सवय लागते. सहा महिने उपटणारा पक्षी सुधारतो पण वेळ फार लागतो, तीन आठवडे उपटणारा लहान पक्षी बऱ्याचदा पूर्ण सुधारतो. म्हणून कोकोच्या बाबतीत मला आशा आहे, आणि घाईही आहे.

आता फोटोंबद्दल. डोळ्याचा रंग अजून राखाडीच आहे, फिकट पिवळा व्हायला लागलेला नाही, म्हणजे वय सांगितलंय ते बरोबर असावं. डोक्याची पिसं पूर्ण शाबूत आहेत. हे महत्त्वाचं आहे, कारण पक्ष्याची चोच स्वतःच्या डोक्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळे डोकं छान आणि मानेखाली उजाड असेल तर तो स्वतःच उपटतोय असं समजायचं. डोक्यावरचीही पिसं गेली असती तर एकतर पिंजऱ्यातला दुसरा पक्षी करतोय किंवा आतून आजार आहे असा विचार करावा लागला असता. ज्यांच्याकडे जोडी आहे त्यांनी हे आधी बघावं.

मोल्टिंग, म्हणजे जुनी पिसं गळून नवीन येणं, असेल का हे तुम्ही विचारलंय. या वयात ग्रेची पहिली मोल्टिंग होतेच, साधारण आठ महिने ते वर्षाच्या आसपास, आणि नवीन पिसांचे कोंब येताना खाजही सुटते. पण मोल्टिंगमध्ये टक्कल पडत नाही, इथलं एक तिथलं एक अशी पिसं गळतात आणि दोन्ही बाजूंनी सारखी गळतात. पिंजऱ्याच्या तळाशी पडलेली दहाबारा पिसं एका कागदावर उजेडात घेऊन बसा. देठाचं टोक कोरडं, बंद, गुळगुळीत असेल तर ते आपोआप गळालेलं. टोकाला ओलसर लालसर काही असेल किंवा देठावर चोचीच्या चिमटीची खूण असेल तर ओढलेलं. आणि देठच नाही, मधूनच तुटलंय, कडा कुरतडलेल्या आहेत, तर तो उपटत नाहीये, चावतोय. चावलेल्या पिसाचा देठ कातडीत तसाच राहतो, तो पुढच्या मोल्टिंगला गळेपर्यंत नवीन पीस येत नाही, म्हणजे पक्षी चावायचा थांबला तरी वर्षभर तसाच दिसू शकतो. हे माहीत नसलं की लोकांना वाटतं उपाय लागू पडला नाही आणि ते सगळं सोडून देतात.

तुमच्या तिसऱ्या फोटोत उजवा पंख उघडलाय, तो मी मोठा करून बघितला. लांब पिसं एका सरळ रेषेत कापलीयेत, बरीच खोल, आणि कापलेल्या टोकांचे उभे चिरे दिसतायत. पंख मिटला की ही खुंटं थेट कुशीला टोचतात. आणि नेमकी तिथूनच तुमच्या कोकोची पिसं जायला सुरुवात झाली असं तुम्हीच लिहिलंय, आधी पंखाखाली, मग छाती. मला इथे संशय पक्का आहे. ग्रेच्या पिल्लांमध्ये हे खूप दिसतं. उडायला शिकायच्या आधीच पंख कापतात, मग ते पिल्लू उडी मारायला जातं आणि दगडासारखं खाली पडतं, छातीचं हाड आपटतं, कधी तिथली कातडी फाटते, मग ते घाबरट होतं, आणि टोचणारी खुंटं चावता चावता शेजारची पिसं काढायला लागतं. छातीच्या मधल्या हाडावर बोट हलकेच फिरवून बघा, जखम किंवा खपली आहे का. असेल तर उद्याच डॉक्टर. ती खुंटं घरी ओढून काढायची नाहीत, खूप दुखतं आणि मूळ खराब होतं. डॉक्टर त्याची टोचरी टोकं नीट करून देऊ शकतात, बाकी ती पुढच्या मोल्टिंगला जातील. आणि परत कापायची नाहीत, कृपा करून. खिडक्यांना जाळ्या लावा, पंखा बंद ठेवायची सवय घरात सगळ्यांना लावा, आणि त्याला उडायला शिकू द्या. तोपर्यंत पिंजऱ्यातल्या बसायच्या काठ्या खाली घ्या आणि तळाशी जाड टॉवेल टाका म्हणजे पडला तरी लागणार नाही.

तरीही मी फोटोवरून निदान करणार नाही. पहिलं काम डॉक्टर, आणि पक्षी नेहमी बघणारा डॉक्टर. कुत्र्यामांजरांचे चांगले डॉक्टर सगळेच पक्ष्यांचं रक्त घेत नाहीत, फोन करून विचारूनच जा. ओळखीचं कुणी नसेल तर जवळच्या व्हेटर्नरी कॉलेजच्या दवाखान्यात विचारा. लहान पक्ष्याच्या बाबतीत एक आजार नाकारल्याशिवाय पुढे जाऊ नये, तो म्हणजे पीबीएफडी, चोच आणि पिसांचा व्हायरस, तो जास्त करून तीन वर्षांच्या आतल्या पक्ष्यांनाच पकडतो. यात नवीन येणारी पिसं वाकडी, मध्येच आवळलेली, गाठाळ निघतात. ग्रेमध्ये अजून एक खूण असते, निरोगी ग्रेच्या अंगावरून पांढरी भुकटी उडत असते आणि त्यामुळे त्याची काळी चोच कायम धुरकट दिसते. चोच चकचकीत काळीभोर दिसायला लागली तर भुकटी तयार होत नाहीये, ते काळजीचं आहे. कोकोची चोच फोटोत धुरकट आहे, बरं वाटलं, पण टेस्ट करा. रक्त आणि पिसावर डीएनए टेस्ट होते, सॅम्पल कुरियरनं लॅबला जातं. पॉझिटिव्ह आली आणि पिसं मात्र नॉर्मल असतील तर लगेच हाय खाऊ नका, नव्वद दिवसांनी परत करतात, काही पक्षी तो व्हायरस पचवून निगेटिव्ह होतात. त्याचबरोबर रक्तातलं कॅल्शियम, लिव्हर, विष्ठेची तपासणी आणि डॉक्टरांना वाटलं तर एक्सरे एवढं होऊ द्या. स्वस्त पिंजऱ्याचा मुलामा निघत असेल आणि तो तारा चावत असेल तर तेही सांगा, जस्त पोटात गेलं तरी पक्षी पिसं उपटतात. (कॉकटेल म्हणजे कॉकटिएल पोपट पाळणाऱ्यांनो, तुमचा पक्षी मांड्यांच्या आतली आणि पंखांखालची पिसं किंचाळत काढत असेल तर ताजी विष्ठा जिआर्डियासाठी (आतड्यातला परजीवी) तपासून घ्या, अगदी काही मिनिटांपूर्वीची, शिळ्या सॅम्पलमध्ये ते सापडत नाही.)

कॅल्शियमचे ड्रॉप्स बंद करा, निदान रिपोर्ट येईपर्यंत. ग्रेमध्ये कॅल्शियम कमी पडतं हे खरं आहे, इतर पोपटांपेक्षा जास्तच, पण बऱ्याच ड्रॉप्समध्ये डी३ व्हिटॅमिन असतं आणि ते जास्त झालं तर किडनीवर जातं. शिवाय पाण्याची चव बदलली की पक्षी पाणीच कमी पितो. त्याला कॅल्शियम अंगी लागायला ऊन लागतं, आणि काचेतून आलेलं ऊन कामाचं नाही, त्यातले हवे ते किरण काच अडवते. सकाळी आठच्या आत वीस मिनिटं पिंजरा बाल्कनीत, अर्धा भाग टॉवेलनं झाकलेला म्हणजे नको वाटलं तर त्याला सावलीत जाता येईल, आणि तुमच्यापैकी कुणीतरी तिथेच बसलेलं पाहिजे, घारी आणि कावळे दोन्ही आहेत आपल्याकडे.

खाण्याबद्दल आजींना माझ्याकडून नमस्कार सांगा आणि चहाचं बिस्किट बंद करायला सांगा. त्या प्रेमानं देतात हे कळतं मला. पण चहा, मीठ, साखर, मैदा यातलं काहीच त्याच्या शरीराला जमत नाही. सूर्यफूल आणि शेंगदाण्यात चरबी भरपूर आणि ए व्हिटॅमिन जवळजवळ नाही, ते कमी पडलं की कातडी कोरडी होते, खाज सुटते. शेंगदाण्याला बुरशी असते ती वेगळी, आणि ग्रेची फुप्फुसं बुरशीच्या बाबतीत नाजूक, म्हणून टरफलासकट शेंगा तर नकोच. त्याऐवजी आजींच्या हाताला दुसरं काम द्या. शेवग्याचा पाला, वाफवलेलं रताळं, लाल भोपळा बियांसकट, गाजर, सिमला मिरची, कोथिंबीर, मोड आलेले मूग आणि मटकी, कोवळं मक्याचं कणीस. हे सगळं आपल्या भाजीवाल्याकडे मिळतं. याच्या जोडीला चांगल्या पेलेट्स, म्हणजे पोपटांसाठी तयार मिळणाऱ्या खाद्याच्या गोळ्या. ॲव्होकॅडो, चॉकलेट, कांदा, लसूण, सफरचंदाच्या बिया बंद. फक्त एकदम बदलायचं नाही, बियांवर वाढलेल्या पिल्लाला पेलेट हे खाणं आहे हेच कळत नाही, ते समोर भरलेली वाटी असून उपाशी राहतं. हळूहळू दीड दोन महिन्यांत बदला आणि रोज सकाळी खायच्या आधी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करून वहीत लिहा. ग्रे साधारण चारशे ते पाचशे ग्रॅमचा असतो, पण तुमच्या कोकोचं नेहमीचं वजन किती तेच महत्त्वाचं, त्याच्या दहा टक्के घसरलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

आता माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा, त्याचा दिवस. हा पक्षी मध्य आणि पश्चिम आफ्रिकेच्या जंगलातला, तिथे थव्यानं राहतो, जागेपणीचा केवढातरी वेळ खाणं शोधण्यात, सोलण्यात, फोडण्यात जातो. आपल्याकडे वाटी भरून ठेवतो, पंधरा मिनिटांत जेवण संपतं, मग उरलेला दिवस करायचं काय? चोचीला काम पाहिजे आणि पिंजऱ्यात चोचीजवळ कायम असलेली एकच गोष्ट म्हणजे स्वतःचं अंग. हे मी अंदाजानं बोलत नाहीये. 2003 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या संशोधकांनी लहान वयाच्या अ‍ॅमेझॉन पोपटांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. काही पक्ष्यांना रिकामे पिंजरे, काहींना खाणं शोधायला आणि चढायला उतरायला भरपूर गोष्टी. रिकाम्या पिंजऱ्यातल्या पक्ष्यांची पिसं बिघडत गेली, आणि नंतर त्यांनाच त्या गोष्टी दिल्यावर ती सुधारली. औषध नाही, फक्त काम.

म्हणून वाटी बंद करा, म्हणजे पूर्ण नाही, सकाळचा थोडा भाग वाटीत आणि बाकीचं लपवून. पळसाच्या पानांची पत्रावळ मिळते ना, प्लॅस्टिक न लावलेली, तिच्या तुकड्यात मूग गुंडाळून काडीनं टोचून पिंजऱ्याच्या तारेत अडकवा. कणीस सालासकट लटकवा. साध्या कागदाच्या पुड्या, अंड्यांचा नवा कोरा पुठ्ठ्याचा ट्रे, पेरूच्या आणि कडुनिंबाच्या ताज्या फांद्या धुवून, साल सोलायला. पहिल्या दिवशी त्याच्यासमोर पुडी उघडून दाखवा, हातानं भरवून वाढवलेल्या पिल्लाला हे आईबापांनी शिकवलेलं नसतं, आपणच शिकवायचं. पिसं साफ करणंही ते घरट्यात आईबापांचं बघून शिकतं, सिरिंजवर वाढलेल्या पिल्लाला बऱ्याचदा नवीन पिसाचं वेष्टण हळुवार काढणं आणि अख्खं पीस ओढणं यातला फरकच कळत नाही. त्याला नवीन वस्तूची भीती वाटली तर ती पिंजऱ्याबाहेर चार फुटांवर ठेवा, रोज थोडी जवळ आणा. ग्रे भित्रा असतो, त्याच्यावर जबरदस्ती केली की ती रात्री पिसांवर निघते. सुती दोरीची खेळणी नकोत, धागे गिळतात.

आजी त्याला उपटताना बघून "अरे अरे नको रे" करत धावत जातात असं तुम्ही लिहिलंय. कुणीही धावेल. पण कोकोला त्यातून एवढंच कळतं की पीस ओढलं की आजी येतात. ओरडायचं नाही, पिंजऱ्यावर थाप मारायची नाही, त्या क्षणी बघायचंही नाही. त्याऐवजी तो नेमका कधी उपटतो ते शोधा, जुना मोबाईल समोर लावून दोन दिवस रेकॉर्डिंग करा. बऱ्याच घरात उत्तर संध्याकाळी पाच ते सात निघतं, तुमची वाट बघण्याची वेळ. मग साडेचारला आजींनी त्याला पत्रावळीची पुडी द्यायची, म्हणजे उपटायच्या आधी काम आणि आजी दोन्ही मिळाले.

झोप. टीव्ही रात्री अकरापर्यंत चालू म्हणजे हे पिल्लू सातआठ तास झोपतंय, त्याला अकराबारा तास अंधार पाहिजे. छोटा झोपायचा पिंजरा घ्या, आतल्या खोलीत ठेवा, साडेसात आठला दिवा बंद. तुम्ही सातला येता म्हणजे तुमची त्याची भेट कमी होईल हे मान्य, म्हणून सकाळी अर्धा तास लवकर उठून त्याच्यासोबत बसा, नुसतं खांद्यावर घेऊन फोन बघत नाही, खरंच सोबत.

पुण्यात मार्च ते मे हवा किती कोरडी असते ते माहीतच आहे तुम्हाला, आणि हा दमट जंगलातला पक्षी. रोज सकाळी साध्या पाण्याचा बारीक फवारा, वरून पावसासारखा, तोंडावर नाही. घाबरला तर उथळ ताटलीत ओली कोथिंबीर पसरून द्या, त्यात लोळतील बरेच. एसीचा आणि पंख्याचा झोत पिंजऱ्यावर नको. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, रूम फ्रेशनर, सिगारेट हे त्या खोलीत बंद, आणि नॉनस्टिक तवा तापून धूर झाला तर पक्षी मिनिटांत मरू शकतो.

जोडीदार आणू नका. हा दुसऱ्याला शिकवेल, किंवा नवा त्याला आजार देईल, किंवा दोघांचं जमणारच नाही. चोच अंगापर्यंत पोचू नये म्हणून गळ्यात घालतात ती कॉलर, पक्षी स्वतःच्या कातडीला जखम करत असेल, रक्त येत असेल तरच, आणि डॉक्टरांनी घातलेली. नुसत्या पिसांसाठी कॉलर घातली तर तो अजून बेचैन होतो. मनाची औषधं असतात, ती मी शेवटी ठेवतो आणि एवढ्या लहान पक्ष्यात क्वचितच लागतात. कोंब तुटून रक्त आलं तर स्वच्छ कापसानं किंवा गॉजनं दाबून धरा, वर कॉर्नफ्लोअर, पाचदहा मिनिटांत थांबलं नाही तर रात्र असली तरी निघा.

कागदपत्रांचंही बघून घ्या, आफ्रिकन ग्रे 2017 पासून साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात आहे आणि आपल्याकडे अशा परदेशी पक्ष्यांची केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. पावती नसेल तर ब्रीडरकडून आत्ताच मागा.

आणि मे महिन्याचं. या वेळी त्याला बोर्डिंगला, म्हणजे पैसे घेऊन पक्षी सांभाळतात तिथे, ठेवू नका, नवी जागा, अनोळखी पक्षी, नवे आवाज, इतक्या लवकर नको. आजी तुमच्यासोबत जाणार असतील तर त्यांना किंवा तुमच्यापैकी एकाला मागे राहता येतंय का बघा. नाहीच जमलं तर शेजारच्या ज्या मुलीबद्दल तुम्ही लिहिलंय तिला आजपासूनच रोज संध्याकाळी बोलवा, पुड्या तिच्या हातून देऊ दे, पाणी तिनं बदलू दे, झोपायच्या पिंजऱ्यात तिनं ठेवू दे. तुम्ही निघाल तेव्हा कोकोच्या दिवसातली फक्त तुम्ही दोघं कमी व्हायला पाहिजेत, बाकी काही नाही. वजनाची वही आणि डॉक्टरांचा नंबर तिच्याकडे ठेवा. त्याआधी रिपोर्ट आले की मला कळवा, कॅल्शियमचा आकडा आणि छातीच्या हाडाचा जवळून फोटो नक्की टाका.